कावलांचे नकाशे

बेंगळुरूच्या आग्नेयेस, कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात, इलेक्ट्रॉनिक सिटी वसली आहे. तिच्या कामाला 1978 साली आरंभ झाला. ज्या पठारावर ती उभी आहे, त्याची शास्त्रशुद्ध मोजणी मात्र श्रीरंगपट्टण पडल्यानंतर लगेच सुरू झाली होती. 1800 च्या अखेरीस विल्यम लॅम्ब्टनने शहराच्या पूर्वेस शंभर फुटी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. त्याच सुमारास कॉलिन मॅकेन्झीने म्हैसूर राज्याचे सर्वेक्षण हाती घेतले. ते जवळजवळ दहा वर्षे चालले.

मॅकेन्झीची दृष्टी अधिक व्यापक होती. नुसत्या डोंगर-नाल्यांवर त्याचे समाधान होत नसे. नकाशासोबत गावे, तळी, पिके, गुरे आणि स्थानिक वृत्तांत यांची टिपणे तो आवर्जून जोडी. चित्रदुर्गाकडील चळ्ळकेरेसारख्या रूक्ष मुलखात, जिथे वर्षाकाठी जेमतेम वीस इंच पाऊस पडतो, या टिपणांचे मोल विशेष.

कारण हा मुलूख गुरांचा. चिक्कदेवराज वोडेयरांच्या काळी राजाचे खिल्लार ‘बेण्णे चावडी’ म्हणून ओळखले जाई. टिपूने त्याला ‘अमृतमहाल’ हे नाव दिले. त्याच्या राखीव कुरणांना कन्नडमध्ये ‘कावल’ म्हणतात. उन्हाळ्याचे कावल निराळे, पावसाळ्याचे निराळे, हिवाळ्याचे निराळे. उन्हाळी कावल बहुधा तळ्यांच्या पोटातले, जिथे ओल टिकते आणि हिरवा चारा राहतो. नकाशावर सीमा दिसते. तिच्या आत कोणत्या महिन्यात कोणाची गुरे चरतात, हे दिसत नाही.

या बैलांशी महाराष्ट्राचाही संबंध आला, आणि तो सुखाचा नव्हे. 1803 मध्ये मराठ्यांवर चालून आलेल्या वेलस्लीच्या तोफा म्हैसूरच्या बैलांनी ओढल्या. पुढे 1860 साली काटकसरीसाठी हे खिल्लार विकून टाकण्यात आले. हिशेबाच्या वहीत शोभणारी ही काटकसर लष्कराला लवकरच महाग पडली, आणि 1866 मध्ये ते पुन्हा उभारावे लागले.

2008 नंतरच्या दोन-तीन वर्षांत चळ्ळकेरे तालुक्यातील सुमारे 10,000 एकर कावल विज्ञानसंस्था, संरक्षण व अणुसंशोधन यांसाठी देण्यात आले. त्यांतील काही संस्थांची मूळ ठिकाणे बेंगळुरूतच आहेत. कागदोपत्री ही मोकळी सरकारी जमीन होती. तिथे मेंढ्या चारणाऱ्यांना आणि त्यांच्या लोकरीची घोंगडी विणणाऱ्यांना ती मोकळी वाटत नव्हती. भिंती उठू लागल्या तेव्हा त्यांचे गाऱ्हाणे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले.