फाईल सापडत नाही

‘फाईल सापडत नाही.’ सरकारी कचेरीत हे वाक्य ऐकलं की आपण लगेच मनात हिशोब मांडतो, आता किती द्यावे लागणार? पण पुष्कळदा फाईल खरंच सापडत नसते. सरकारी कर्मचाऱ्यांना कामाची शिस्त लावण्याचा महाराष्ट्रातला एक गाजलेला प्रयोग नेमका इथून सुरू झाला.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखीना अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी होते. आपल्याकडे जुने कागद कापडात बांधून ठेवायची रीत आहे. त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. हा शब्द पेशवे दफ्तरातही भेटतो. रुमालात काय आहे, हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. त्याची बदली झाली की कागद असून नसल्यासारखा.

लखीनांनी कर्मचाऱ्यांना सौजन्यावर व्याख्यानं देण्यापेक्षा कागद हाताळायला शिकवलं. प्रत्येक कागदाला अ, ब, क, ड यांपैकी एक वर्ग द्यायचा. ‘अ’ म्हणजे कायम जपायचा, ‘ड’ म्हणजे वर्षभरात नष्ट करायचा. टेबलावरच्या कामाचे सहा गठ्ठे करायचे : कार्यवाही करायची प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी प्रकरणं, ठरावीक काळाने पाठवायचे अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद.

इतकं साधं? हो. पण यात एक मोठी उलथापालथ होती. लिपिक रजेवर गेला तरी शेजारचा माणूस कागद काढून देऊ शकत होता. ‘मलाच माहीत आहे’ यावर उभी असलेली टेबलाची सत्ता त्यामुळे ढिली होते. ‘लखीना पॅटर्न’ हे नाव राज्यभर पोचलं ते यामुळे.

पुढे काय झालं? नाव टिकलं, सवय मात्र ठिकठिकाणी सुटली. प्रशिक्षणाच्या संस्था नव्हत्या असं नाही. १९६३मध्ये मुंबईत सुरू झालेली प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८४मध्ये पुण्याला आली आणि १९९०मध्ये ‘यशदा’ झाली. पण नवा लिपिक खरं काम शिकतो ते शेजारच्या टेबलावरच्या जुन्या लिपिकाकडून. त्या टेबलावर ढीग असेल, तर तो ढीगच शिकतो.

२००५च्या माहिती अधिकार कायद्याने अभिलेखांची सूची ठेवणं बंधनकारक केलं. २०१५च्या सेवा हक्क कायद्याने सेवेला मुदत घातली, उशीर करणाऱ्याला दंड ठेवला. पण मुदत कायद्याने घालता येते, कागद शोधण्याचं कसब नाही. म्हणून तर पुणे विभागात २०१७च्या सुमारास ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम आली, तेव्हा महसूल कार्यालयांत आणि जिल्हा परिषदांत तीच सहा गठ्ठ्यांची पद्धत पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागली. मधली तीसेक वर्षं?

आज तुम्ही दाखल्यासाठी मोबाइलवरून अर्ज करता. तो क्षणात पोचतो. पण त्या दाखल्याला पणजोबांच्या काळातली नोंद लागत असेल, तर ती अजूनही एखाद्या रुमालात असू शकते. तो रुमाल कुठे ठेवलाय, हे कुणीतरी कुणालातरी शिकवलेलं असावं लागतं.