पटावरचे अरण्य आणि फाशावरची शिकार

शिकार आणि मासेमारी हे विषय आपल्या इतिहासाच्या पुस्तकात आदिमानवाच्या पाठात येतात आणि शेतीचा शोध लागला की संपतात. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत मात्र एका अनपेक्षित ठिकाणी त्यांचा बारकाईने विचार झाला आहे. ते ठिकाण म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचे काल्पनिक साहसांचे खेळ. दिवसभर रानात भटकले तर किती शिकार मिळेल? तासाभरात किती मासे गळाला लागतील? खेळ रचणाऱ्यांना या प्रश्नांची आकड्यांत उत्तरे द्यावी लागली. असे प्रत्येक उत्तर म्हणजे निसर्गाचे एक छोटेसे प्रतिमानच असते. ते तपासून पाहिले तर आपल्या समजुतींचाही पत्ता लागतो.

खेळ आला कुठून?

या खेळांचे पणजोबा म्हणजे प्रशियाच्या सैन्यातील युद्धखेळ. फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली त्याचे नियम छापले. नकाशावर सैन्याच्या सोंगट्या सरकवायच्या, चकमकीचा निकाल फाशाने ठरवायचा आणि वादाच्या जागी पंचाने निर्णय द्यायचा, अशी त्याची पद्धत होती. पुढे हौशी लोकांनी हे खेळ घरोघरी नेले. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी त्यातूनच ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला.

यात प्रत्येक खेळाडू सैन्याऐवजी एकच पात्र चालवतो. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार. एक जण सूत्रधार असतो. “मी नदीकाठी गळ टाकून बसतो,” असे खेळाडूने म्हटले की मासा लागला की नाही हे फासा आणि सूत्रधार मिळून ठरवतात. गुहा, खजिना, राक्षस हे सगळे काल्पनिक असले तरी पात्रांना भूक लागते, आणि तिथूनच आपला प्रश्न सुरू होतो.

उसना नकाशा

१९७२ साली अमेरिकेत ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ नावाचा एक पटाचा खेळ निघाला होता. जेम्स डनिगन यांनी तो रचला होता. षटकोनी घरांच्या नकाशावर वाट चुकलेल्या माणसाने जिवंत राहायचे, हा त्याचा विषय. अन्न आणि पाणी यांचा हिशेब दररोज ठेवावा लागे, आणि ते मिळाले नाही तर शक्ती पायरीपायरीने घटत जाई.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या आवृत्तीने रानातल्या प्रवासासाठी हाच पट वापरायला सांगितला, पण त्यात एक बदल केला. पटावर पाणी साठण्याच्या जागा होत्या, त्यांचे किल्ले झाले आणि इमारतींची गावे झाली. म्हणजे नकाशा घेतला, तहानभूक मागे ठेवली. खाण्याची सोय बाजारातून केली होती. एका माणसाचा आठवड्याचा साधा शिधा ५ सुवर्णनाण्यांना आणि टिकाऊ शिधा १५ नाण्यांना मिळे. शिवाय पुरोहिताजवळ अन्न निर्माण करणारा मंत्रही होता!

सहातला एक

पुढे खेळाडू लांबलांब भटकू लागले आणि नियम वाढले. १९८१ च्या आवृत्तीत असा नियम आहे : चालता चालता कंदमुळे, फळे शोधली तर दिवसाकाठी सहात एक शक्यता, की एक ते सहा माणसांपुरते अन्न मिळेल. नीट शिकार करायची असेल तर प्रवास थांबवून पूर्ण दिवस द्यावा लागे.

हे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. अन्न मिळाले तर सरासरी साडेतीन माणसांना पुरते. ते मिळण्याची शक्यता १/६. म्हणून दिवसाला सरासरी ३.५ ÷ ६, म्हणजे सुमारे ०.५८ माणसांचे जेवण. एकटा माणूससुद्धा यावर पोट भरू शकत नाही. सलग तीन दिवस काहीच न मिळण्याची शक्यता (५/६)³, म्हणजे सुमारे ५८ टक्के. शिदोरीशिवाय रानात जाऊ नये, हा धडा एका फाशाने किती नेमका शिकवला!

कधीही न आटणारी नदी

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मासेमारी हे एक कौशल्य म्हणून आले. पात्राच्या ‘शहाणपणा’ला एक आकडा असतो. समजा तो १२ आहे. दर तासाला वीस पृष्ठांचा फासा टाकायचा. १२ पेक्षा कमी पडले तर जितका फरक तितके मासे गळाला लागले. जाळे असेल तर तिप्पट. ११ पडल्यास एक मासा, १ पडल्यास अकरा. सगळ्या शक्यतांची बेरीज ६६ येते. तिला २० ने भागले की तासाला सरासरी ३.३ मासे. जाळ्याने जवळजवळ १०. म्हणजे दहा तासांत शंभरेक.

आता याच नियमाने चार जणांना महिनाभर एकाच तळ्यावर बसवा. बारा हजारांच्या आसपास मासे निघतील, आणि शेवटच्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकेच मिळतील! मासे नसतील तिथे ते मिळू नयेत, एवढी काळजी सूत्रधाराने घ्यायची आहे. पण पकडल्यामुळे मासे किती कमी झाले, याचा हिशेब सूत्रात नाही. किती मासे मिळणार हे पकडणाऱ्याच्या कौशल्यावर आणि साधनावर ठरते. तळ्यात किती मासे उरलेत, याचा त्यात पत्ताच नाही.

शास्त्रज्ञांनी ही त्रुटी आधीच ओळखली होती. मिलनर शेफर यांनी १९५४ साली मांडलेल्या प्रतिमानात मिळकत दोन गोष्टींवर अवलंबून असते : किती मेहनत केली आणि किती साठा शिल्लक आहे. साठा अर्धा झाला तर तेवढ्याच मेहनतीला निम्मे मासे मिळतात.

प्रत्यक्षात गोष्ट याहून फसवी निघू शकते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर १९६८ साली सुमारे आठ लाख टन कॉड मासा पकडला गेला. पुढे साठा घटत गेला, पण उरलेले मासे दाटीने एकत्र राहत आणि सुधारलेली जहाजे त्यांना बरोबर हुडकून काढत. जाळी भरत होती, म्हणून समुद्रही भरलेला आहे असे वाटत राहिले. २ जुलै १९९२ रोजी सरकारला मासेमारीच बंद करावी लागली. सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी उठायला २०२४ साल उजाडले, आणि तेव्हाही परवानगी मिळाली ती फक्त १८ हजार टनांची.

हाच धडा देण्यासाठी डेनिस मेडोज यांनी १९८० च्या दशकात ‘फिश बँक्स’ हा खेळ तयार केला. त्यात गट जहाजे विकत घेतात, मासे पकडतात, आणि बहुतेक वेळा फार उशीर होईपर्यंत कोणीच थांबत नाही.

वर्गात करून पाहा

एका डब्यात ४० चिंचोके ठेवा. हे तळ्यातले मासे. मुलांचे चार गट करा. दर फेरीत प्रत्येक गटाने चिंचोके उचलायचे. फेरीअखेर जेवढे उरतील त्यांच्या निम्मे तुम्ही आणखी घालायचे, पण एकूण ४० च्या वर जायचे नाही. डबा झाकलेला ठेवा.

प्रत्येक गटाने तीन-तीन उचलले तर खेळ कितीही वेळ चालतो. सहा-सहा उचलले तर दुसऱ्या फेरीअखेर डबा रिकामा. सर्वांत उद्बोधक आहे तो चारचा आकडा. चार फेऱ्या प्रत्येकाला पूर्ण वाटा मिळतो, काही बिघडल्याची शंकाही येत नाही. पण आत साठा ४०, ३६, ३०, २१ असा घसरत असतो. पाचव्या फेरीला सोळांऐवजी जेमतेम सातच चिंचोके निघतात.

मग मुलांनाच विचारा : डबा न उघडता हे वेळीच कसे ओळखता येईल? पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहणाऱ्या आपल्या कोळी बांधवांचा नियम या खेळात कसा बसवाल? आणि तो नियम एकाच गटाने पाळला, बाकीच्यांनी नाही, तर काय होईल?