जुन्या स्पोर्ट्‌स कारला रोटरी इंजिन : हौस, हिशेब आणि वारसा

पश्चिम जर्मनीतील एनएसयू कंपनीने १९६७ साली ‘आरओ ८०’ ही मोटार बाजारात आणली. तिला १९६८ सालचा युरोपातील ‘कार ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला. मात्र तिच्या रोटरी इंजिनातील सील फार लवकर झिजत. वॉरंटीपोटी इंजिने बदलून देता देता कंपनी जेरीस आली आणि त्रासलेल्या अनेक मालकांनी ते इंजिन काढून फोर्डचे साधे व्ही-४ इंजिन बसवून घेतले.

पुढे हे चक्र उलटे फिरले. जपानच्या माझदा कंपनीने हेच तंत्र भरवशाचे करून दाखविले आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका व ब्रिटनमधील हौशी मंडळी जुन्या स्पोर्ट्‌स कारमधील पिस्टनचे इंजिन उतरवून तेथे माझदाचे रोटरी इंजिन बसवू लागली. एमजीबी, एमजी मिजेट, ट्रायम्फ स्पिटफायर या ब्रिटिश गाड्यांवर असे प्रयोग झाले. या कामात इंजिन जागेवर बसविणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग असतो. खरी परीक्षा असते ती त्याच्याभोवतीचे सारे बदलण्याची.

रोटरी इंजिन म्हणजे काय?

जर्मन अभियंता फेलिक्स वाँकेल यांच्या कल्पनेवर आधारलेले पहिले इंजिन १९५७ साली एनएसयूमध्ये चालू झाले. माझदाने १९६१ मध्ये परवाना घेतला आणि १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही दोन रोटरची गाडी विक्रीस आणली. या इंजिनात खालीवर होणारा पिस्टन नसतो आणि झडपाही नसतात. लंबवर्तुळासारख्या, मध्ये किंचित दबलेल्या पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजूंवर इंधन ओढणे, दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे ही कामे एकाच वेळी चालू असतात. रोटरची एक फेरी होते तेव्हा मुख्य शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात. त्यामुळे प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेरीला एकदा जोर देतो आणि इंजिन विलक्षण सफाईने फिरते.

आकर्षण कशाचे?

एमजीबीचे उदाहरण बोलके आहे. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीत १,७९८ घनसेंटिमीटरचे बिडाचे इंजिन होते व सुरुवातीला त्याची शक्ती सुमारे ९५ अश्वशक्ती होती. माझदाचे ‘१३बी’ इंजिन ६५४ घनसेंटिमीटरच्या दोन रोटरचे, म्हणजे एकूण १,३०८ घनसेंटिमीटरचे. अमेरिकेत १९८४ साली आलेल्या आरएक्स-७ मध्ये ते टर्बोशिवाय १३५ अश्वशक्ती देत असे. शिवाय ते बिडाच्या जुन्या इंजिनापेक्षा हलके आणि आखूड असल्याने मागे सरकवून बसविता येते. गाडीचे नाक हलके होते आणि वळणावर ती अधिक चपळ वाटते.

सांधेजोड

माझदाच्या इंजिनाला एमजीचा गिअरबॉक्स थेट जुळत नाही. म्हणून बहुधा माझदाचाच गिअरबॉक्स सोबत घेतला जातो. मग इंजिनाचे आधार नव्याने बनवावे लागतात आणि प्रॉपेलर शाफ्ट अशा मापाचा करून घ्यावा लागतो की, त्याचे एक टोक माझदाला आणि दुसरे एमजीच्या मागच्या आसाला बसेल. रोटरीचा जोर वरच्या फेऱ्यांत असतो, त्यामुळे आसाच्या दातांचे प्रमाणही तपासावे लागते. शक्ती वाढली की जुने ब्रेक आणि सस्पेन्शन यांचाही विचार ओघानेच येतो. एक सोय मात्र आहे. दोन रोटरच्या इंजिनात शाफ्टच्या दर फेरीला दोनदा ठिणगी पडते, चार सिलिंडरच्या इंजिनातही तेच प्रमाण असते. त्यामुळे डॅशबोर्डवरील जुना फेरीमापक बहुधा कामी येतो.

उष्णता आणि तेल

रोटरीचा धूर अतिशय तप्त असतो. साधा सायलेन्सर त्यापुढे फार काळ टिकत नाही आणि पायाखालचा पत्राही तापतो. रोटर आतून तेलानेच थंड होत असल्याने मोठ्या रेडिएटरबरोबर ऑइल कूलरही लागतो. तो वगळून वाचविलेले पैसे पुढे इंजिनाच्या किमतीत मोजावे लागतात. इंजिन एकदा जरी फार तापले तरी पाण्याची सील निकामी होऊ शकतात. सीलना वंगण मिळावे म्हणून हे इंजिन मुद्दामच थोडे तेल जाळते. त्यामुळे तेलाची पातळी वारंवार पाहणे क्रमप्राप्त ठरते. पेट्रोलची भूकही मोठी असते.

माझदाची आरएक्स-७ २००२ मध्ये आणि आरएक्स-८ २०१२ मध्ये बंद झाली. साहजिकच या कामासाठी बहुधा वापरलेलेच इंजिन मिळते. ते घेताना प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब स्वतंत्रपणे दाखविणाऱ्या उपकरणाने तपासणी करणे आवश्यक असते. पिस्टन इंजिनाचा साधा दाबमापक फक्त सर्वांत मोठा आकडा दाखवतो. दोन बाजू चांगल्या आणि एक निकामी असली, तरी तो ते सांगत नाही.

कायदा आणि वारसा

ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. मात्र गाडीत मोठा बदल झाला असेल, तर ही सूट जाऊ शकते. भारतातील नियम अधिक कडक आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही बाब अधोरेखित केली. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी ५० वर्षांहून जुन्या, पण मूळ रूपात राखलेल्या गाड्यांनाच मिळते. इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही.

म्हणूनच जाणकार कारागीर एक पथ्य पाळतात. मूळ सांगाडा कापायचा नाही, नवे आधार जुन्याच छिद्रांत बोल्टने बसवायचे आणि उतरविलेले इंजिन व गिअरबॉक्स तेल लावून, क्रमांकासह जपून ठेवायचे. मालकाची हौस फिटली किंवा गाडी दुसऱ्या हाती गेली, तर ती पुन्हा मूळ रूपात आणता येते. ही वाट मोकळी ठेवली, तर इंजिनबदल हा प्रयोग राहतो. ती बंद केली, तर एक जुनी गाडी कायमची कमी होते.