दुसरी सुगी : पितायाचे फळ आणि एका पाद्र्याची साक्ष

१/ मेक्सिकोच्या वायव्येस बाहा कॅलिफोर्निया हे लांबट, अरुंद आणि अत्यंत शुष्क द्वीपकल्प आहे. तेथील कोचिमी लोक वर्षाचे सहा भाग मानीत. त्यांतला सर्वांत आनंदाचा भाग म्हणजे 'मेयिबो', अर्थात पितायाचा हंगाम. आजचा थ्रेड या फळाविषयी आणि त्यानिमित्ताने थोडा साधनचिकित्सेविषयी.

२/ प्रथम ओळख. आपल्याकडे काटेरी ते सारे 'निवडुंग'. परंतु बांधावरचा त्रिधारी निवडुंग कॅक्टस नव्हेच, तोडल्यावर त्यातून पांढरा चीक येतो. गोड पितायाचा कॅक्टस स्तंभासारखा वाढतो. त्याला मधले खोड नसते. बुंध्यापासूनच अनेक खांब उभे राहतात, चर्चमधील ऑर्गनच्या नळ्यांसारखे. सोनोरा वाळवंटातल्या सावारोला मात्र एकच जाड खोड आणि वर फुटलेले हात असतात. पितायाची फुले रात्री उमलतात, वटवाघळे परागीकरण करतात. फळ पिकले की काटे गळू लागतात. आत लाल गर आणि बारीक काळ्या बिया. (ड्रॅगनफ्रूटलाही 'पिताया' म्हणतात, पण ती वेल आहे. हा घोटाळा नेहमीचा.)

३/ मुख्य भूमीवर याच कुळातील भाईबंदांची लागवड होते. फांदी कापून सावलीत ठेवायची, जखम सुकली की मातीत रोवायची. बियांपासून झाड करायचे तर फळासाठी फार वर्षे थांबावे लागते. तेवाकान खोऱ्याच्या परिसरात रानातली फळे बहुतांशी लाल असतात. परसातल्या झाडांवर मात्र पिवळी, पांढरी, नारिंगी, जांभळीही दिसतात. माणसांनी आवडलेल्या झाडाची फांदी पिढ्यान्पिढ्या जपली, त्याचा हा रंगीत दाखला.

४/ बाहामध्ये अशी लागवड नव्हती; शिकार, मासेमारी आणि रानातले वेचणे हाच उदरनिर्वाह. १६९७ मध्ये लोरेतो येथे जेझुइटांचे पहिले स्थायी मिशन उभे राहिले. त्यांच्यापैकी योहान याकोब बेगर्ट हा अल्सेसचा पाद्री १७५१ ते १७६८ या काळात सान लुईस गोन्झागा येथे ग्वायकुरा लोकांमध्ये राहिला. तो लिहितो की पितायाच्या दिवसांत माणसे इतकी अंग धरीत, की ओळखीचा माणूसही चटकन ओळखू येत नसे.

५/ आता मुख्य गोष्ट. पितायाच्या बिया न पचता शरीराबाहेर पडतात. लोक वाळलेल्या विष्ठेतून त्या वेचून काढीत, भाजीत, दळीत आणि खात. स्पॅनिश लोक याला 'दुसरी सुगी' म्हणत. बेगर्टने हे किळस आणि उपहास यांच्या मिश्रणातून नोंदवले. पुढे ही हकीकत 'रानटीपणाचा' पुरावा म्हणून पुस्तकांतून फिरत राहिली.

६/ मला या नोंदीत वेगळे काही दिसते. गर नाशवंत, तो ताजाच खाल्ला पाहिजे. बियांत तेल आणि प्रथिने असतात, आणि वाळलेली बी टिकते. एकाच फळातून दोन वेळचे अन्न काढणारा हा हिशेब आहे. बेगर्ट याच लोकांना आळशी, मंदबुद्धी आणि उद्याची फिकीर न करणारे म्हणतो! त्याचा तपशील त्याच्याच निष्कर्षाविरुद्ध साक्ष देतो. अर्थात यात भूकही होती. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही.

७/ मिशनांबरोबर देवी आणि गोवर आले. साथींनी वस्त्या ओस पडल्या. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांची हकालपट्टी केली. बेगर्ट युरोपात परतला आणि तेथे त्याने आपले जर्मन पुस्तक प्रसिद्ध केले. ग्वायकुरा भाषा पुढे नामशेष झाली. आज तिच्याविषयी जे थोडे ठाऊक आहे, त्यातले बहुतेक त्याच पुस्तकात आहे : काही शब्द, थोडे व्याकरण, आणि त्या भाषेत उतरवलेली एक ख्रिस्ती प्रार्थना.