यादीतला माणूस

चिपळुणाहून कराडकडे निघालें म्हणजे कुंभार्ली घाटाच्या अलीकडे अलोरे हें गांव लागतें. कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून कोंकणांत उतरवून वीज करण्याचें काम निघालें, तेव्हां येथें प्रकल्पाची वसाहत उठली. इंजिनियर, कारकून, कामगार दूरदूरहून आले. कामें आटोपलीं, बदल्या झाल्या आणि माणसें पांगलीं. अशा गांवीं पोस्टमनाला जी अडचण पडते तीच पत्त्यांच्या प्रत्येक यादीची मूळ अडचण होय : घर जाग्यावर असतें, माणूस नसतो.

ही अडचण आपल्याकडे पूर्वीं कशी सोडविली होती? कोंकणांतला यात्रेकरू त्र्यंबकेश्वरीं गेला कीं तीर्थोपाध्याय प्रथम आडनांव व मूळ गांव विचारीत. मग वही निघे, पणजोबांची नोंद सांपडे, आणि आलेला गृहस्थ तिच्याखालीं मुलांनातवांचीं नांवें घालून सही करी. बिऱ्हाड कोठेंहि हलो, नोंद मूळ गांवाशीं बांधलेली असे. शिवाय ही वही म्हणजे वारशाची मिळकत. भावाभावांत यजमानांची वाटणी होई. यादीला मोल असतें हें तेव्हांच कळलें होतें.

व्यापाराला ही युक्ति पोस्टानें शिकविली. १८७७ सालीं व्ही. पी. ची सोय झाली. दूरच्या गिऱ्हाइकाला माल धाडून पैसे वसूल करतां येऊं लागले, आणि गिऱ्हाइकाचा पत्ता हेंच दुकानदाराचें भांडवल ठरलें. १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोंचविण्यासाठींच.

आज वहीच्या जागीं संगणक आला आहे. दुकानांत बिलाच्या वेळीं सांगितलेला मोबाईल क्रमांक, सोडतीचा अर्ज, विम्याची चौकशी, कंपन्यांची सरकारी नोंदणी, अशा ठिकठिकाणच्या नोंदी गोळा होतात. एकाच क्रमांकावरून त्या जुळवितात, दुबार नांवें गाळतात. परत आलेलें टपाल वा बंद पडलेला क्रमांक दिसला कीं जुनी नोंद खोडतात. कचेऱ्यांना फोन करून अधिकारी बदलला काय, हें विचारतात. मग ती यादी विकली जाते.

फरक आहे तो एवढाच, पण मोठा आहे. त्र्यंबकच्या वहींत माणूस स्वतः सही करी. आतां त्याची नोंद त्याच्या अपरोक्ष दुरुस्त होते. २००७ सालीं नकोशा फोनांपासून सुटका व्हावी म्हणून राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. गंमत अशी कीं, एका यादींतून सुटण्यासाठीं दुसरींत नांव घालावें लागलें! २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानें मात्र आपली नोंद दुरुस्त करविण्याचा व पुसविण्याचा हक्क मान्य केला आहे.

हा हक्क म्हणजे त्या जुन्या सहीचाच नवा अवतार. तेव्हां पुढच्या खेपेस दुकानदारानें क्रमांक विचारला, तर तो कोणत्या वहींत जाणार, एवढें आपणहि विचारावें. उपाध्याय आपलें गांव विचारीत. पण त्यांची वही आपल्यापुढें उघडी असे.