सी-पेशी आणि रक्तातील कॅल्शियम

सी-पेशी : थायरॉइड ग्रंथीतील कॅल्सिटोनिन हे संप्रेरक स्रवणाऱ्या पेशी. पनवेलच्या खांदा कॉलनीत काय किंवा आणखी कुठे काय, लॅबमध्ये ‘थायरॉइड’ तपासायला रक्त दिले की अहवालात सहसा टी३, टी४ आणि टीएसएच एवढेच येते. सी-पेशींचा त्यातून पत्ता लागत नाही. टी३, टी४ बनवणाऱ्या पेशी पिट्यूटरीच्या हुकमाने चालतात. सी-पेशी थेट रक्तातल्या कॅल्शियमवर.

हे कॅल्शियम साधारणतः दर डेसिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. ते वाढले की सी-पेशीच्या पटलावरचा कॅल्शियम-संवेदी ग्राही कामाला लागतो, पटलातील मार्ग उघडून कॅल्शियम पेशीत शिरते आणि आत साठवलेले कॅल्सिटोनिन रक्तात सुटते. हाडे झिजवणाऱ्या पेशींना ते आवरते. खरे नवल पुढेच आहे. थायरॉइडच्या मागच्या बाजूला असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींतही हाच ग्राही असतो, पण तिथे तो कॅल्शियम वाढवणाऱ्या संप्रेरकाचा स्राव रोखतो. निरोप एकच, दोन शेजाऱ्यांची कृती उलट, तरी दोन्हींमुळे कॅल्शियम खालीच येते.

कॅनडातील हॅरल्ड कॉप यांनी १९६२ मध्ये कॅल्सिटोनिनचा शोध मांडला. ते पॅराथायरॉइडचे असावे, असा त्यांचा समज होता. ते थायरॉइडमधून येते, हे लंडनच्या इयान मॅकिन्टायर यांच्या गटाने १९६४ मध्ये शेळ्यांवरील प्रयोगांतून दाखवले.

माणसाच्या रोजच्या कॅल्शियमच्या हिशेबात मात्र कॅल्सिटोनिनचा वाटा लहान. पूर्ण थायरॉइड काढूनही, पॅराथायरॉइड शाबूत असल्यास, कॅल्शियम टिकून राहते.

मोल आहे ते निदानात. सी-पेशींच्या मेड्युलरी कर्करोगात कॅल्सिटोनिन बहुधा फार वाढते. शंका असल्यास शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देऊन ते किती उसळते, हे पाहतात. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत हा रोग आरईटी जनुकातील आनुवंशिक बदलामुळे होतो आणि तो बदल प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. खांदा कॉलनीजवळच्या खांदेश्वर स्थानकापासून दोनच स्थानकांवरच्या खारघरमध्ये टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. आनुवंशिक कर्करोगांवर तिथे संशोधन चालते. घरात एकाला हा रोग निघाला, तर त्याची आरईटी तपासणी व्हावी आणि बदल सापडल्यास भावंडांनी व मुलांनीही ती वेळेत करून घ्यावी.