अर्ध्या दिवसाची शिपाईगिरी

आपला कुणीतरी खापरपणजोबा स्वातंत्र्ययुद्धात लढला होता, हे सांगायला अमेरिकन माणसाला फार आवडतं. आपल्याकडे नाही का, प्रत्येक घराण्यातलं कुणी ना कुणी पानिपतावर पडलेलं असतं! फरक एवढाच की त्यांच्याकडे बऱ्याचदा कागद असतात. आणि कागद आहेत त्याचं कारण पेन्शन. 1832 च्या कायद्याने सहा महिन्यांच्या वर नोकरी झालेल्या साध्या मिलिशियावाल्यालाही पेन्शन मिळू लागलं. पण त्यासाठी म्हाताऱ्याने कोर्टात जाऊन सगळी हकीकत शपथेवर सांगायची. विधवेला लग्नाचा पुरावा हवा, म्हणून बायकांनी घरच्या बायबलमधली जन्म-लग्नाच्या नोंदींची पानं फाडून अर्जाला जोडली. अशा सुमारे 80 हजार फायली आज वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. लढाई शोधायला जावं आणि मुलांची नावं सापडावीत, असा तो प्रकार आहे.

मिलिशिया म्हणजे गावची फौज. आपल्या शिबंदीशी तिचं थोडं नातं सांगता येईल, पण शिबंदी पगारी असे. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये 16 ते 60 वयाच्या जवळपास प्रत्येक पुरुषाने स्वतःची बंदूक बाळगायची आणि बोलावणं आलं की हजर व्हायचं. एरवी शेती, सुतारकाम, जे काय असेल ते. 1774 च्या शरद ऋतूत इंग्रजांशी वाजणार हे दिसू लागलं, तेव्हा यातूनच तडक निघू शकणाऱ्या तुकड्या काढल्या. तेच मिनिटमन. (आपल्याकडे मार्च 1775 मध्ये राघोबादादा सुरतेला इंग्रजांशी तह करत होते. म्हणजे याच सुमाराला इंग्रजांची माणसं आपल्याही उंबरठ्यावर उभी होती. असो.)

आता ॲक्टन गावचा आयझॅक डेव्हिस बघा. वय 30, धंदा बंदुका बनवण्याचा. गावाने त्याला मिनिटमन तुकडीचा कॅप्टन निवडलं. निवडलं म्हणजे मतं देऊन, वरून नेमणूक नाही. घरामागे त्याने नेमबाजीची जागा केली होती, तिथे आठवड्यातून दोनदा सराव चाले. कॅप्टनच बंदूकवाला असल्यामुळे त्याच्या माणसांच्या बंदुकांना संगिनी होत्या, बाकी गावांच्या तुकड्यांकडे त्या क्वचितच. 19 एप्रिल 1775 ला सकाळी कॉन्कॉर्डच्या नॉर्थ ब्रिजवर इंग्रज शिपायांवर चालून जायचं ठरलं, तेव्हा ॲक्टनची तुकडी सगळ्यांच्या पुढे होती. संगिनी होत्या म्हणूनच तिला पुढे घातलं असं बहुतेक मानतात. इंग्रजांच्या पहिल्याच फैरीत डेव्हिस जागीच गेला. शेजारचा अबनर होस्मरही गेला. युद्धाच्या हिशेबात डेव्हिसची नोकरी भरते अर्धा दिवस, तीही ताणून!

इथवरचं सगळं कुठल्याही पुस्तकात मिळतं. मला जास्त आवडतो तो त्याच्या बायकोचा, हॅनाचा जबाब. तो 1835 चा आहे, म्हणजे साठ वर्षांनंतरचा, आणि तेव्हा ती 89 वर्षांची होती. तो घेण्यामागचं कारणही मजेदार आहे. युद्धाचा मान कुणाचा यावरून लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्ड या गावांत पुस्तकं लिहून भांडण चाललं होतं. त्यात ॲक्टनची बाजू मांडायला जोसाया ॲडम्स नावाच्या वकिलाने म्हातारीची साक्ष नोंदवली. म्हणजे विषय गावाच्या अब्रूचा.

हॅना काय सांगते? चार मुलं होती, धाकटं सव्वा वर्षाचं. त्या सकाळी चारही आजारी होती, काहींना घसा धरून अंगावर पुरळ उठणारा ताप होता. तुकडीतली बरीच माणसं घरी जमली आणि तिथेच बसून काडतुसं केली. नवरा फारसं बोलला नाही, विचारात दिसला. निघताना एवढंच म्हणाला की मुलांना जप. दुपारी त्याला आणलं ते मेलेलंच. तिच्या निजायच्या खोलीत त्याला ठेवलं होतं, आणि चेहरा बदललेला नव्हता हे ती आवर्जून सांगते. होस्मरला तिथेच आणलं. लेक्सिंग्टनमध्ये दुपारी पडलेल्या जेम्स हेवर्डलाही तिथेच आणलं, आणि तिघांचे अंत्यविधी त्या एकाच घरातून झाले. वाचताना मी तिथे थांबलो. घरात चार तापलेली पोरं, आणि तीन प्रेतं...

लढाईबद्दल ती जवळपास काहीच बोलत नाही. बोलणार तरी काय, ती पुलावर नव्हती. वकिलाला हवा होता नवऱ्याचा पराक्रम, आणि मिळालं घर. माझ्या मते ॲक्टनच्या बाजूचा यापेक्षा भक्कम पुरावा दुसरा नाही, कारण सजवून सांगणाऱ्या माणसाला मुलांचा ताप आठवत नाही.

पुढे हॅनाने आणखी दोनदा लग्न केलं आणि दोन्ही नवऱ्यांच्या मागे राहिली. म्हातारपणी हालाखी होती. पण पेन्शनचे नियम मोजत होते महिने. सहा महिने बंदूक वागवून घरी आलेला बसत होता, पहिल्याच सकाळी मेलेला बसत नव्हता! शेवटी तिच्यासाठी काँग्रेसला स्वतंत्र कायदा करावा लागला. तोवर ती नव्वदीच्या पुढे गेली होती. 1841 मध्ये वारली.

डेव्हिसचं पुढे बरंच झालं. 1851 मध्ये ॲक्टनच्या चौकात दगडी स्मारक उभं राहिलं आणि तिघांच्या अस्थी तिथे हलवल्या. कॉन्कॉर्डच्या पुलापाशी डॅनियल चेस्टर फ्रेंचने केलेला मिनिटमनचा 1875 चा पुतळा त्याच्यावरूनच बेतला असं म्हणतात. तोच पुतळा मॅसॅच्युसेट्सच्या 2000 सालच्या क्वार्टरवर आहे, तेव्हा तुमच्या खिशातही येऊन गेला असेल. दर एप्रिलमध्ये लोक ॲक्टनहून पुलापर्यंत चालत जातात, दहा-अकरा किलोमीटर. वाट त्याच्या घराच्या जागेवरून जाते. हॅनाचा जबाब मात्र छापील दीड पान भरेल न भरेल एवढाच आहे. पुलाकडे जाणार असाल तर आधी तो वाचून जा.